प्रकाश, चुंबक आणि आपली आठवण

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात फुटलेले काही फाटे छापताना गाळले आहेत.)



समितीच्या सचिवांचा मला फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, काल नाटक, उद्या भावगीते, आणि मध्येच माझे चुंबक? लोक उठून जातील." ते म्हणाले, "काका, काळजी करू नका. जेवण तुमच्या भाषणानंतर ठेवले आहे." तेव्हा आपण सगळे एवढ्या शांतपणे का बसला आहात याची मला पूर्ण कल्पना आहे. भाषण लांबवणार नाही.

विषय असा आहे: प्रकाशाने चुंबक वळवता येतो का, आणि त्याचा माहिती साठवण्याशी काय संबंध? मी शास्त्रज्ञ नव्हे. राजाबाजारच्या सायन्स कॉलेजातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि पुढची चौतीस वर्षे एका कार्यालयाच्या संगणक विभागात काढली. चुंबकीय टेपांच्या कपाटांपासून आजच्या डिस्कपर्यंत सगळे हातांखालून गेले. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. त्या वाचनातून जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो. सुरुवात मात्र घरच्या गोष्टीपासून करतो, कारण या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, खानापूर तालुक्यातून १९४८ साली गलाईच्या कामासाठी तेव्हाच्या कलकत्त्यात आले. विटा, खानापूर, आटपाडीकडची किती घरे या धंद्याने भारतभर पसरली आहेत हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. बऊबाजारात तात्यांची छोटी भट्टी होती. १९७९ च्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो, तेव्हा मी पगारातून घेतलेला टेपरेकॉर्डर बरोबर नेला आणि आजीचा आवाज एका कॅसेटवर घेतला. आजी आधी लाजली. मग यंत्राकडे बघत तिने विचारले, "ह्यात बोललं की कलकत्त्याला ऐकू जातं का रं?" मी हो म्हणालो. मग ती तासभर बोलली. जात्यावरच्या ओव्या, शेतांची नावे, तात्या लहानपणी विहिरीत पडले होते ती हकीकत. १९८१ साली आजी गेली. तिच्या श्राद्धाच्या दिवशी तात्या दरवर्षी ती कॅसेट लावून बसत.

१९८६ साली मी घरातला एक मोठा स्पीकर दुरुस्तीला उघडला होता. त्याचा गोल चुंबक काढून मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. खाली कॅसेट होती. भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. माणूस, रोज ऑफिसात टेपा हाताळणारा, आणि हे माझ्या लक्षात आले नाही. श्राद्धाच्या दिवशी तात्यांनी कॅसेट लावली. आजीचा आवाज यायचा आणि जायचा, दर तीन-एक सेकंदांनी, जसे कोणी विहिरीच्या काठावरून बोलता बोलता आत वाकावे आणि परत वर यावे. पुढे पुढे हे येणे-जाणे लवकर लवकर होऊ लागले. कारण मला लगेच कळले. गुंडाळलेल्या रिळाच्या ज्या बाजूला चुंबक टेकला होता ती बाजू प्रत्येक वेढ्यात पुसली गेली होती, आणि आतले वेढे लहान असल्याने तो पुसलेला भाग लवकर लवकर येत होता. अगदी आतल्या वेढ्यांपर्यंत चुंबकाचा जोर पोचला नव्हता. म्हणून एका बाजूची शेवटची आणि दुसऱ्या बाजूची सुरुवातीची मिळून सहा-सात मिनिटे तेवढी शाबूत राहिली.

तात्या काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणाले, "राहू दे. गलाईत घट येतेच." ती घट मला आजपर्यंत लागून राहिली आहे.

आता मुद्द्याकडे येतो. कॅसेटच्या फितीवर तपकिरी रंगाचा थर असतो, तो लोखंडाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा. प्रत्येक कण म्हणजे एक छोटा चुंबक. आवाजाप्रमाणे रेकॉर्डरचे हेड या कणांची तोंडे इकडे किंवा तिकडे वळवते, आणि वळवलेली तोंडे तशीच राहतात. आठवण म्हणतात ती एवढीच. फितीवर नवे काही चिकटत नाही, तिथून काही निघतही नाही, नुसती दिशा बदलते. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्येही हेच तत्त्व आहे. तिथे चुंबकाचे तोंड वर असेल तर एक आणि खाली असेल तर शून्य, असे मानून सगळा मजकूर, फोटो, हिशेब लिहिला जातो. मोबाईल आणि पेनड्राइव्ह यांची तऱ्हा वेगळी, तिथे विद्युतभार साठवतात. पण तुम्ही मोबाईलवरून 'वर' पाठवलेले फोटो, ज्याला मुले क्लाऊड म्हणतात, ते बहुतांशी कुठल्या तरी मोठ्या इमारतीत हार्ड डिस्कवरच जाऊन बसतात. ढग वगैरे काही नाही. चुंबकच आहेत.

या चुंबकीय आठवणीचे आपल्या शहराशी जुने नाते आहे. भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक १९५५-५६ च्या सुमारास इथेच, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बसला. एचईसी-२एम असे त्याचे नाव. तो इंग्लंडहून आणला होता आणि त्याची आठवण एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती. त्याच काळात, १९५६ साली, आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यावर मावत होती ५० लाख अक्षरे. आज हातात मावणाऱ्या एका डिस्कवर याच्या ६० लाख पट मजकूर राहतो.

हे कशामुळे झाले? कण लहान लहान करत गेल्यामुळे. आजच्या डिस्कवरचा चुंबकीय थर इतका पातळ असतो आणि त्यातले कण इतके बारीक, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे दहा हजार कण शेजारी शेजारी बसतील. पण इथेच अडचण सुरू होते. कोणत्याही पदार्थात उष्णतेमुळे सतत एक थरथर चालू असते. या खोलीच्या तापमानालासुद्धा. कण मोठा असला तर ही थरथर त्याला वळवू शकत नाही. कण फार लहान झाला की ती त्याला उलटवून टाकते, आणि लिहिलेले आपोआप पुसले जाते. बरे, कण निम्मा केला म्हणजे टिकाऊपणा निम्मा झाला, असा सरळ हिशेब नाही. ढोबळ मानाने सांगायचे तर ज्या कणाची दिशा सात-आठ वर्षे टिकते, त्याचे आकारमान निम्मे केले तर ती अर्धा सेकंदही टिकत नाही.

मग कण अशा पदार्थाचा करावा की जो आपली दिशा हट्टाने धरून ठेवतो. असे पदार्थ आहेत. लोखंड आणि प्लॅटिनम यांचा मिश्रधातू त्यांत सर्वांत हट्टी गटात मोडतो. पण मग दुसरी अडचण. जो कण थरथरीला दाद देत नाही, तो लिहिणाऱ्या हेडलाही दाद देत नाही. लिहिताच येत नाही तर टिकाऊपणाचे करायचे काय? मित्रहो, आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट ही आहे, ती लक्षात ठेवा. आठवण चांगली व्हायची तर ती सहज पुसली जाऊ नये आणि तरीही लिहिता यावी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. आजीची कॅसेट लिहायला सोपी होती, म्हणूनच पुसायला सोपी गेली.

या हट्टाचे मोजमाप कोणी केले? इथे पुन्हा बऊबाजारात यावे लागते. तात्यांच्या भट्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, २१० बऊबाजार स्ट्रीटला, डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. स्वातंत्र्यानंतर ती जादवपूरला गेली. सी. व्ही. रामन १९०७ साली अर्थखात्यात नोकरीला म्हणून या शहरात आले आणि ट्राममधून जाताना त्यांना या संस्थेची पाटी दिसली, असे सांगतात. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ ते तिथे प्रयोग करू लागले. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध तिथलाच. प्रकाश पदार्थावर पडला की पदार्थातल्या रेणूंशी त्याची देवाणघेवाण होते आणि त्याचा रंग किंचित बदलतो, हा तो शोध. त्या कामात रामन यांचे सहकारी होते के. एस. कृष्णन.

हेच कृष्णन १९३३ साली याच संस्थेत प्राध्यापक म्हणून परत आले आणि १९४२ पर्यंत राहिले. या काळात त्यांनी प्रकाश सोडून स्फटिकांचे चुंबकत्व हाती घेतले. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. बारीकसा स्फटिक क्वार्ट्झच्या तंतूला टांगायचा आणि चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवायचा. मग वरून तंतूला हळूहळू पीळ द्यायचा. स्फटिक काही काळ आपली दिशा धरून राहतो. पीळ वाढत जातो, आणि एका क्षणी तो गर्रकन फिरतो. किती पिळाला फिरला, यावरून त्याची दिशेची ओढ मोजता येते. कृष्णन यांचे स्फटिक कायमचे चुंबक नव्हते, आणि हार्ड डिस्क तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पण पदार्थाला काही दिशा जवळच्या आणि काही नकोशा असतात, आणि ही आवड-निवड मोजता येते, ही कल्पना तीच. डिस्कवरच्या कणाचा हट्ट म्हणजे तीच आवड-निवड, फार मोठ्या प्रमाणात.

म्हणजे बऊबाजारच्या एकाच इमारतीत आधी प्रकाशावर काम झाले आणि मग चुंबकावर. आता या दोघांची गाठ कशी पडते ते पाहू.

सोनाराच्या आणि गलाईवाल्याच्या दुकानात चुंबक असतोच. सोन्याच्या किसात कानसीचे लोखंड मिसळलेले असते, ते चुंबक फिरवून काढतात. मी शाळेत असताना तात्यांच्या भट्टीवरच्या कारागिराने मला एक गंमत दाखवली. त्याने चिमट्यात धरून एक खिळा भट्टीत लालभडक तापवला आणि चुंबकाजवळ नेला. चुंबक त्याला ओढेना. खिळा काळा पडेपर्यंत निवला आणि टपकन चिकटला. लोखंड सुमारे ७७० अंशांच्या वर तापले की त्याचे चुंबकत्व जाते आणि निवले की परत येते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला असे एक तापमान असते. पियरे क्युरी यांनी १८९५ साली याचा अभ्यास केला म्हणून त्याला क्युरी तापमान म्हणतात.

अडचणीवरचा तोडगा या खिळ्यात आहे. हट्टी कण लिहिताना क्षणभर तापवायचा, तो मऊ झाला की हेडने त्याचे तोंड वळवायचे, आणि लगेच निवू द्यायचा. निवला की हट्ट परत, आणि दिशा नवी. धातू तापवून ठसा मारायचा आणि थंड करायचा, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना मी शिकवायची गरज नाही. फक्त इथे ठसा काही नॅनोमीटरचा आहे आणि भट्टीच्या जागी लेझरचा प्रकाश आहे.

याची पहिली आवृत्ती आपल्यापैकी काहींनी वापरलीही असेल. सोनीची मिनीडिस्क १९९२ साली आली. तिच्यात लेझरने थर तापवून चुंबकाने लिहीत आणि लिहिलेले प्रकाशानेच वाचत. चुंबकावरून परतलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित फिरते, हे स्कॉटलंडमधले एक शिक्षक जॉन केर यांनी १८७७ साली दाखवले होते. तोंड वर असेल तर एकीकडे फिरते, खाली असेल तर दुसरीकडे. त्याच्याही आधी १८४५ साली मायकेल फॅरडे यांनी काचेतून जाणारा प्रकाश चुंबकाने फिरवून दाखवला होता. म्हणजे चुंबक प्रकाशाला वळवतो हे माणसाला पावणेदोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

हार्ड डिस्कमध्ये ही युक्ती आणणे मात्र फार अवघड गेले, कारण प्रकाश भिंगाने कितीही एकवटला तरी त्याचा ठिपका काहीशे नॅनोमीटरच्या खाली येत नाही. तेवढ्या ठिपक्यात शेकडो कण तापतील आणि शेजारच्यांचे लिहिलेले पुसले जाईल. यावर काय उपाय निघाला असेल? सोने! लिहिणाऱ्या हेडच्या टोकाशी सोन्याचा अतिसूक्ष्म तुकडा बसवला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तो चक्क लॉलीपॉपच्या आकाराचा होता, वर चकती आणि खाली काडी. लेझरचा प्रकाश चकतीवर पडला की सोन्यातले इलेक्ट्रॉन एका लयीत हलू लागतात आणि ती सगळी ऊर्जा काडीच्या टोकाशी काही दशक नॅनोमीटरच्या जागेत उतरते. तिथले लोखंड-प्लॅटिनमचे कण सुमारे ४५० अंशांपर्यंत तापतात, लिहिले जातात आणि निवतात. हे सगळे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. सीगेट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये या पद्धतीच्या ३० टेराबाइटच्या डिस्क जाहीर केल्या. सोने, प्लॅटिनम आणि आच. तात्या असते तर म्हणाले असते, "मग ह्यात नवीन काय केलं?"

पण इथपर्यंत प्रकाश फक्त भट्टीचे काम करतो. दिशा वळवायला चुंबक लागतोच. खरा प्रश्न पुढचा आहे. चुंबक अजिबात न वापरता नुसत्या प्रकाशाने तोंड वळवता येईल का?

१९९६ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला निकेलच्या पातळ थरावर ६० फेमटोसेकंदांचा लेझरचा झोत टाकण्यात आला. फेमटोसेकंद म्हणजे किती लहान? एका सेकंदात जितके फेमटोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायचे म्हटले तर तीन कोटींहून अधिक वर्षे लागतील. त्या झोताने निकेलचे चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे हजार फेमटोसेकंदांच्या आतच निम्म्याजवळ उतरले. इतक्या लवकर ते उतरू शकते अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तिथून या क्षेत्राला वेग आला.

२००७ साली नेदरलंड्समधल्या नायमेखेनच्या शास्त्रज्ञांनी पुढची पायरी गाठली. गॅडोलिनियम, लोखंड आणि कोबाल्ट यांच्या पातळ थरावर त्यांनी ४० फेमटोसेकंदांचे झोत सोडले. प्रकाशाला स्क्रूच्या आट्यांसारखा उजवा किंवा डावा पीळ देता येतो. उजव्या पिळाच्या प्रकाशाने चुंबकाचे तोंड एकीकडे वळले, डाव्याने दुसरीकडे. बाहेरचा चुंबक नव्हता. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, आणखी एक गोष्ट पुढे आली. योग्य तेवढी उष्णता एका झटक्यात दिली तर पिळाचीही गरज नाही. या मिश्रणात लोखंड आणि गॅडोलिनियम एकमेकांच्या उलट तोंडे करून बसलेले असतात. झटका बसला की लोखंड लवकर ढळते, गॅडोलिनियम सावकाश. या मागे-पुढे होण्यात क्षणभर दोघांची तोंडे एका बाजूला येतात, आणि परत घडी बसताना ती उलटी बसते. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून दहा मिनिटे नुसता बसून होतो. जी उष्णता आठवण पुसते असे मी जन्मभर मानत आलो, तीच इथे लिहीत होती.

इतक्या वेगाने घडणारी गोष्ट बघतात कशी? साधा कॅमेरा एवढा जलद नसतो. युक्ती अशी आहे. एक झोत चुंबकाला झटका देतो. दुसरा मंद झोत त्याच्या मागून येतो आणि केर यांच्या पद्धतीने चुंबकाची अवस्था टिपतो. दुसऱ्याला किती उशिरा पाठवायचे? त्याच्या वाटेवरचा आरसा मागे सरकवायचा. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे नेला की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालावे लागते आणि तो बरोबर एक पिकोसेकंद उशिरा पोचतो. आरसा थोडा थोडा सरकवत, तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत, एकेक क्षण जोडत जायचे.

हे काम आपल्या शहरातही चालते. सॉल्ट लेकला सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्र आहे, १९८६ साली स्थापन झालेले. तिथे प्रा. अंजन बर्मन आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षे याच पद्धतीने, फेमटोसेकंद लेझरच्या झोतांनी, पातळ चुंबकीय थरांचा अभ्यास करत आले आहेत. प्रकाशकणांची गणती कशी करावी हे ज्या बोसबाबूंनी १९२४ साली जगाला शिकवले, त्यांच्या नावाच्या संस्थेत प्रकाश आणि चुंबक यांची ही भेट होते, हे मला फार योग्य वाटते.

आता सर्वांत पातळ थरांविषयी थोडे सांगून आवरते घेतो. काही पदार्थ अभ्रकासारखे असतात, त्यांचे पापुद्रे निघतात. २०१७ साली अमेरिकेत क्रोमियम आणि आयोडीन यांच्या संयुगाचा एकच पापुद्रा, रेणूएवढ्या जाडीचा, चुंबक असतो असे दाखवण्यात आले. ते कळले कसे? केर यांच्या पद्धतीने, प्रकाश परतवून. डिसेंबर २०२४ मध्ये एमआयटीमधल्या नूह गेडिक यांच्या गटाने लोखंड, फॉस्फरस आणि गंधक यांच्या अशाच पापुद्र्यांच्या पदार्थावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या पदार्थात शेजारी शेजारी अणूंची तोंडे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे बाहेरून तो चुंबक वाटतच नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या टेराहर्ट्झ प्रकाशाने त्यातले अणू नेमक्या लयीत हलवले, आणि त्याच्यात चुंबकत्व उमटले. झोत संपल्यावरही ते अडीच मिलिसेकंदांहून अधिक काळ टिकले. अडीच मिलिसेकंद म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण फेमटोसेकंदांच्या जगात तो फार मोठा काळ आहे.

या पदार्थांचे मला का कौतुक वाटते ते सांगतो. ज्याची तोंडे आतल्या आत एकमेकांना खोडतात, त्याला बाहेरचा चुंबक सहसा हात लावू शकत नाही. आजीचा आवाज अशा पदार्थावर लिहिलेला असता, तर माझ्या ड्रॉवरमधल्या चुंबकाने त्याला काही झाले नसते. फक्त आजवर तो लिहायचा कसा, हेच कोणाला नीट येत नव्हते. पुन्हा तीच गोष्ट: पुसायला कठीण ते लिहायला कठीण. त्या कुलपाची किल्ली प्रकाश असू शकेल, अशी आशा आता वाटू लागली आहे.

आशा म्हणतो आहे, हे लक्षात घ्या. तो एमआयटीचा प्रयोग शून्याखाली सुमारे १५५ अंशांच्या थंडीत करावा लागला. नुसत्या प्रकाशाने लिहिणारी डिस्क अजून बाजारात नाही. ठिपका पुरेसा लहान करणे, लेझर नखाएवढ्या जागेत बसवणे, लाखो वेळा न चुकता तेच घडवणे, हे सगळे बाकी आहे. वर्तमानपत्रात 'क्रांती' असा मथळा आला तर थोडे थांबून वाचावे. सोन्याच्या लॉलीपॉपपासून दुकानातल्या डिस्कपर्यंत पंधरा वर्षे गेली.

शेवटी एक विनंती. ती विज्ञानाची नाही, घरची आहे. निवृत्तीनंतर एका तरुण मित्राने मला विचारले, "काका, आता एवढी शक्तिमान यंत्रे आहेत, आजीचा पुसलेला आवाज काढता नाही का येणार?" नाही येणार. कणांची तोंडे एकदा विस्कटली की आधी ती कुठे होती याची खूण कुठेही उरत नाही. कोणताही प्रकाश ती परत आणू शकत नाही. उरलेल्या सहा-सात मिनिटांच्या मात्र मी आज चार प्रती केल्या आहेत. एक माझ्याकडे, एक मुलीकडे, एक गावी चुलतभावाकडे, एक क्लाऊडवर. त्या मिनिटांत आजी शेतांची नावे सांगते आहे. त्यांतली दोन शेते आता आमच्याकडे नाहीत, आणि त्यांची नावे माझ्या मुलांना फक्त त्या आवाजातून माहीत आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून कॅसेट आहेत. कोणाच्या आजोबांचे कीर्तन, कोणाच्या आईचे गाणे, मंडळाच्या जुन्या नाटकांच्या तालमी. त्या फितीवरचे कण थकत चालले आहेत, आणि त्या वाजवणारी यंत्रे त्याहून वेगाने संपत आहेत. मिनीडिस्कचेच बघा, कोऱ्या मिनीडिस्क बनवणेही सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. लिहिलेले शाबूत आणि वाचणारे यंत्र नाही, ही पुसण्याचीच एक तऱ्हा आहे. मंडळातल्या दोन-तीन तरुणांनी मला मदत करायचे कबूल केले आहे. चालू स्थितीतला एक टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे. तुमच्या कॅसेट घेऊन या, आपण रविवारी बसून त्या संगणकावर उतरवू. प्रत प्रत्येकाने निदान दोन ठिकाणी ठेवावी.

आणि येताना कॅसेट स्पीकरजवळ ठेवू नका, एवढे मात्र मी अनुभवाने सांगतो.

 स्वयंपाकघरातून निरोप आला आहे, पाने वाढली आहेत.